कॅथलिक शाळेच्या उपक्रमांची यादी कशी वाचावी?

पत्राचा सारांश : आम्ही न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगा सप्टेंबरमध्ये तिसरीत जाईल. सध्या तो सरकारी शाळेत आहे. जवळच्या एका कॅथलिक शाळेने (बालवाडी ते आठवी) आम्हाला माहितीपत्रक दिले. त्यात रोबोटिक्स, बँड, स्पॅनिश, ज्युनियर अचीव्हमेंट, शिवाय रुग्णालय, वृद्धनिवास आणि अन्नछत्र यांच्याबरोबरची ‘कम्युनिटी पार्टनरशिप’ अशी लांबलचक यादी आहे. फी आमच्या मानाने बरीच आहे. आम्ही हिंदू आहोत. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला त्या वातावरणाची धास्ती नाही. पण यजमानांचे म्हणणे असे, की पुढे काउंटीच्या मॅग्नेट हायस्कूलला (निवडक मुलांना प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेला) आणि इंजिनीअरिंगला या उपक्रमांचा उपयोग होणार नसेल, तर एवढे पैसे कशासाठी घालायचे? आम्ही काय करावे? — एक आई, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. एडिसनमधली मिडलसेक्स काउंटी अकॅडमी असो, स्कॉच प्लेन्समधले युनियन काउंटी मॅग्नेट असो किंवा हॅकेन्सॅकमधली बर्गन काउंटी अकॅडमीज असो, तिसरीतल्या रोबोटिक्सची चौकशी तिथे कोणी करत नाही. या सरकारी संस्था आहेत, त्या त्या काउंटीत राहणाऱ्या मुलांसाठी आहेत, आणि त्यांच्या प्रवेशात मुख्य वजन असते ते सातवी-आठवीच्या गुणांना आणि गणित व इंग्रजीच्या चाचणीला. तुमचा मुलगा कॅथलिक शाळेतून आठवी झाला तरी काउंटीचा रहिवासी म्हणून त्याला अर्ज करता येईल; तेवढ्यापुरती काळजी सोडा. काळजी करायची ती गणिताची. सरकारी मिडल स्कूलमध्ये शेकडो मुले असतात, त्यामुळे गणितात पुढे असलेल्या मुलांची वेगळी तुकडी सहज निघते आणि आठवीपर्यंत त्यांचे अल्जेब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, पुरे होते. ज्या कॅथलिक शाळेत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आहे, तिथे हे सर्वस्वी त्या एका गणिताच्या शिक्षकावर अवलंबून राहते. काही शाळांत ते उत्तम जमते, काहींत अख्खा वर्ग एकाच पुस्तकातून एकाच वेगाने पुढे सरकतो. म्हणून शाळेत गेल्यावर रोबोटिक्सची खोली पाहण्याआधी हे विचारा, की गेल्या वर्षी आठवीतल्या किती मुलांनी अल्जेब्रा वन पुरे केले आणि ते त्यांना कोणी शिकवले.

मग ही यादी निरुपयोगी आहे का? तसे मला वाटत नाही. मात्र ती करिअरची शिडी समजून वाचू नये. आठ वर्षांच्या मुलाचे करिअर ठरवायचे नसते. त्याला मोठ्या माणसांची कामे जवळून दिसतात का, आणि एखादी गोष्ट सुरू करून शेवटाला न्यायची सवय लागते का, एवढेच या वयात पाहायचे असते. या कसोटीवर यादीतल्या नोंदी एका तोलाच्या नाहीत.

ज्युनियर अचीव्हमेंटचे उदाहरण घ्या. 1919 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये सुरू झालेली ही संस्था स्वयंसेवकांच्या बळावर चालते: जवळच्या बँकेतला किंवा कंपनीतला कोणीतरी वर्गात येऊन पैसा, बचत, व्यवसाय यांचे धडे घेतो. चौथी ते सहावीच्या मुलांसाठी त्यांचा ‘बिझटाउन’ नावाचा उपक्रम आहे. आधी वर्गात तयारी होते, मग एक दिवस मुले छोट्या नकली गावात जातात. कोणी महापौर होतो, कोणी बँकेत बसतो, कोणी दुकान चालवतो, आणि दुकानाने घेतलेले कर्ज दिवस संपण्यापूर्वी फेडायचे असते. पगाराचा चेक खात्यात भरताना दहा वर्षांचे मूल पहिल्यांदा विचारते, की यातले पैसे कापले कोणी? हा प्रश्न त्याला पडावा यासाठीच तो सगळा खटाटोप असतो. पण वर्गातली तयारी नीट झालेली नसेल, तर त्याच दिवसाची सहल होते.

रोबोटिक्सचेही तसेच. ‘फर्स्ट लेगो लीग’ ही मुलांच्या संघांची रोबो-स्पर्धा 1998 मध्ये सुरू झाली आणि आज बहुतेक शाळा तिचेच नाव घेतात. नऊ वर्षांपासून पुढच्या गटात रोबो हा स्पर्धेचा फक्त एक भाग असतो. त्याशिवाय संघाने एखादी खरी अडचण शोधून तिच्यावर उपाय सुचवायचा असतो, आणि आपण काय केले, का केले, हे परीक्षकांना स्वतः सांगायचे असते. ज्या शाळेत एखादी शिक्षिका संघाबरोबर पूर्ण हंगाम बसते, तिथे मुले बोलायला, चुकायला आणि पुन्हा करून बघायला शिकतात. ज्या शाळेत बाहेरची कंपनी वेगळी फी घेऊन शाळा सुटल्यावर वर्ग चालवते, तिथे तेच लेगोचे डबे असतात, पण मुलांना छापील सूचनांप्रमाणे गाडी जोडण्याखेरीज काही उरत नाही. आणि तो वर्ग तुम्हाला सरकारी शाळेत राहूनही लावता येईल. पत्रकात दोन्हींचे वर्णन एकाच ओळीत असते. म्हणून प्रत्येक उपक्रमाबाबत विचारायचे ते असे: तो वेळापत्रकात आहे की शाळेनंतर, फीमध्ये धरलेला आहे की वेगळा, आणि शाळेतली नेमकी कोणती व्यक्ती त्याला जबाबदार आहे. शेवटच्या प्रश्नाला नाव न मिळता ‘आमची टीम’ असे उत्तर मिळाले, तर ती नोंद मनातून वगळून टाकावी.

आता भागीदारीकडे येतो, कारण तुमच्या पत्रात ती यादीच्या शेवटी असली तरी माझ्या मते या शाळांची खरी ताकद तिथेच आहे. सरकारी शाळेत समाजसेवा हा जादा उपक्रम असतो. कॅथलिक शाळेत ती धर्माचरणाचाच भाग मानली जाते, त्यामुळे मुख्याध्यापक बदलले किंवा अनुदान आटले म्हणून ती सहसा बंद पडत नाही. धर्मग्राम, म्हणजे पॅरिश (एका चर्चशी जोडलेला भाविकांचा समुदाय), शाळेच्या शेजारीच असतो. त्याचे अन्नछत्र, गरजूंना मदत करणारी त्याची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, आजारी माणसांना भेटायला जाणारे स्वयंसेवक ही सगळी मंडळी मुलांच्या रोजच्या ओळखीची असतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तुमच्या घरी ‘राइस बोल’ नावाची पुठ्ठ्याची चपटी घडी येईल. ती उघडून, कडा अडकवून मूल छोटा गल्ला तयार करते आणि तो जेवणाच्या टेबलावर ठेवते. एखादा गोड पदार्थ सोडला की त्याचे पैसे त्यात टाकायचे. 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन इथे हा प्रकार सुरू झाला. जमलेल्या रकमेतला चौथा हिस्सा त्याच धर्मप्रांतात (बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) भूक आणि गरिबी यांच्याविरुद्धच्या कामाला राहतो आणि बाकीची कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थेमार्फत जगभर जाते. तिसरीतले मूल नाणी मोजते. पण चांगल्या शाळेत सातवीतली मुले गोळा झालेल्या डब्यांच्या तारखा तपासतात, अन्नछत्रात कशाची टंचाई आहे याची यादी करतात आणि खालच्या वर्गांना जाऊन सांगतात, की सूप पुरे झाले, आता तांदूळ आणा. साठा, मागणी, वाटप ही कामे इथे प्रत्यक्ष हाताखालून जातात. ज्याला पुढे इंजिनीअर व्हायचे आहे, त्याला ती कमी उपयोगाची नाहीत.

रुग्णालय आणि वृद्धनिवास यांच्या बाबतीत मात्र जरा खोलात जाऊन चौकशी करा. वर्षातून एकदा नाताळची गाणी म्हणून फोटो काढून परत येणे यालाही पार्टनरशिप म्हणतात, आणि दर महिन्याला त्याच आजी-आजोबांकडे जाऊन त्यांना वाचून दाखवणे यालाही म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मुलाला परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, स्वयंपाकघराची व्यवस्था पाहणारा माणूस असे लोक कामात असताना दिसतात. आपल्या घरांतून मुलांना व्यवसाय माहीत असतात ते दोन-तीन, तेही बहुतेक संगणकासमोर बसून करायचे; ही मर्यादा अशा ठिकाणी मोडते. तुम्ही स्वतः यात हातभार लावणार असाल, तर मुलांसोबत काम करणाऱ्या पालकांनाही पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी केलेल्या सनदेनंतर ही व्यवस्था बसली आहे. तिच्याविषयी शाळा किती काटेकोर आहे, हेही तुमच्या परीक्षेचा भाग असू द्या.

धर्माबद्दल तुम्ही निर्धास्त आहात हे चांगले, पण पुण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स अशी विभागणी सर्रास असे, आणि वर्गात बहुसंख्य मुले हिंदूच असत. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत कॅथलिक नसलेली मुले साधारण पाचात एक असतात, आणि रिलिजन हा सर्वांचा विषय असतो. त्याचा गृहपाठ असतो, चाचणी असते, प्रगतिपुस्तकात श्रेणी असते. शाळेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, सगळा वर्ग जातो. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या, वेळी कॅथलिक नसलेली मुले जागेवर बसून राहतात किंवा छातीवर हात एकमेकांवर आडवे ठेवून फक्त आशीर्वाद घेतात. दुसरीत वर्गमित्रांचे पहिले कम्युनियन झालेले असते, त्यामुळे तिसरीत नव्याने आलेल्या मुलाला आपण वेगळे आहोत हे पहिल्याच महिन्यात जाणवेल. यात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र तुम्ही दोघांनी त्याच्याशी आधी बोलून ठेवले पाहिजे, आणि यजमानांची याला मनापासून तयारी आहे ना, हे फीच्या आधी विचारले पाहिजे.

खासगी शाळेत गेल्याने सरकारी हक्क सगळेच सुटतात, असा आपल्या लोकांत समज आहे. तो निम्मा खरा आहे. कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तो न्यू जर्सीतल्याच ईविंग टाउनशिपचा, आणि 1947 मध्ये निकाल पालकांना भाडे परत देण्याच्या बाजूने लागला. आजही आठवीपर्यंतच्या मुलाची नफा न कमावणारी खासगी शाळा घरापासून दोन मैलांहून दूर पण वीस मैलांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे तुमचा डिस्ट्रिक्ट (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) बस देतो किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देतो. 1977 च्या 192 आणि 193 या क्रमांकांच्या कायद्यांनुसार वाचनात मागे पडणाऱ्या, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या किंवा उच्चारांची अडचण असलेल्या मुलांना कॅथलिक शाळेतही सरकारी खर्चाने मदत मिळते. सुटतो तो एक महत्त्वाचा हक्क: न्यू जर्सीत 2020 मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक सरकारी डिस्ट्रिक्टला हुशार मुले ओळखून त्यांच्यासाठी वेगळी सोय करणे बंधनकारक केले आहे, ते बंधन खासगी शाळेवर नाही. तुमचा मुलगा सध्या त्या कार्यक्रमात असेल आणि तिथे रमला असेल, तर केवळ माहितीपत्रकासाठी त्याला हलवू नका, असे मी स्पष्ट सांगेन.

शाळा तुम्हाला एक आलेखही दाखवेल. राष्ट्रीय पातळीवरच्या 2022 च्या चाचण्यांत कॅथलिक शाळांची सरासरी सरकारी शाळांपेक्षा वर होती, हे खरे आहे. पण फी भरून मुलाला घालणारे घर मुळातच वेगळे असते; त्याचा हिशेब धरून 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक स्तरावरचा हा फायदा जवळजवळ नाहीसा झाला आणि गणितात तर या शाळा किंचित मागे दिसल्या. गणिताच्या शिक्षकाबद्दल मी एवढा आग्रह धरतो त्यामागे हेही एक कारण आहे. न्यू जर्सीत खासगी शाळेतल्या शिक्षकाला राज्याचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे बंधन नाही, तेव्हा ते कोणाकडे आहे याची विचारणा करण्यात संकोच नसावा. आणखी एक, गेल्या पाच वर्षांचा पट मागा. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुले होती, आता सतरा लाखांच्या आसपास आहेत. शाळा बंद होणे किंवा शेजारच्या शाळेत विलीन होणे ही नेहमीची बातमी झाली आहे. तिसरीत घातलेल्या मुलाला सहावीत पुन्हा शाळा बदलावी लागली, तर कोणताही उपक्रम ते नुकसान भरून काढणार नाही.

या सगळ्याचा माझ्यापुरता निष्कर्ष असा. सहावी ते आठवीचे गणित भक्कम असेल आणि भागीदारीतले निदान एक काम दर महिन्याला नेमाने चालत असेल, तर ही फी वाया जाणार नाही आणि बाकीची यादी शाळेने देऊ केलेली भर समजावी. यातले पहिले नसेल, तर शाळा कितीही गोड वाटली तरी तुमच्या मॅग्नेटच्या बेतासाठी ती योग्य नाही. पहिले आहे आणि दुसरे नाही, असे आढळले, तर सरकारी शाळाच चालू ठेवून वाचलेल्या पैशांतला थोडा भाग मुलाच्या आवडीच्या एका वर्गावर खर्च करा.

रविवारच्या मराठी शाळेबद्दल तुम्ही लिहिले नाही, पण त्याला तिथे पाठवत असाल तर एक अडचण आधीच लक्षात घ्या: कॅथलिक शाळांतल्या मुलांचे बास्केटबॉलचे सामने सीवायओ (कॅथलिक युथ ऑर्गनायझेशन) या संस्थेमार्फत होतात आणि ते बहुधा शनिवार-रविवारी असतात. हायस्कूलमध्ये राज्याचे द्विभाषिकतेचे प्रमाणपत्र मिळवता येते आणि आपल्या मुलांनी ते मराठीतही मिळवले आहे. मॅग्नेटच्या चाचणीइतके नसले तरी पुढे कॉलेजच्या अर्जात ते दिसते. तेव्हा खेळाचे वेळापत्रक पाहूनच त्या संघात नाव द्यावे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ‘कॅथलिक स्कूल्स वीक’ सुरू होतो आणि त्या आठवड्यात बहुतेक शाळा पालकांसाठी दारे उघडतात. त्या दिवशी जरूर जा, पण तेव्हा सगळे सजवलेले असते. म्हणून फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी सातवीच्या गणिताच्या तासाला मागे बसण्याची परवानगी मागा. फी विचारताना धर्मग्रामाच्या सदस्यांचा दर आणि इतरांचा दर वेगवेगळा असतो हे ध्यानात ठेवा, आणि आर्थिक साहाय्याचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच भरा. तो नंतर भरणाऱ्यांसाठी फारसे काही शिल्लक राहत नाही.