गणित सुटावं म्हणून मानसशास्त्र घेतलं, आणि पुढ्यात संख्याशास्त्र आलं

"मॅडम, गणित सुटावं म्हणूनच तर मानसशास्त्र घेतलं होतं." एम.ए.ची मुलं-मुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दहावीला गणिताचा निरोप घेतलेला असतो, बारावी कला शाखेतून, मग बी.ए. आणि एम.ए.ला एकदम मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी. पेपर सोडता येत नाही आणि कुणाला सांगायची लाज वाटते. ही चिंता घेऊन आलेल्या एका मुलीची हकिगत तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिचं नाव-गाव मुद्दाम देत नाही. परभणी जिल्ह्यातली, सोयाबीन-कापसाच्या घरातली, वसतिगृहात राहून शिकणारी, एवढं पुरे.

ती आली होती झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग, छातीत धडधड, जेवण कमी झालेलं. बोलता बोलता लक्षात आलं की हे सगळं संख्याशास्त्राच्या तासाच्या आदल्या रात्री वाढतं. "रोज वाचायले मी, पण डोक्यात बसंना," ती म्हणाली. मी तिला पुस्तक उघडायला सांगितलं आणि नजर कुठं अडते ते दाखव म्हटलं. तिनं सिग्मावर, म्हणजे Σ या चिन्हावर, बोट ठेवलं. "हे दिसलं की पुढचं काहीच दिसत नाही."

अशा वेळी 'गणित कच्चं आहे' असं म्हणून मी मोकळी होत नाही. कच्चं कधी आणि कुठं राहिलं ते विचारते. हिच्या बाबतीत नववीचा वर्ग होता. फळ्यावर गणित अडलं, सरांनी तास संपेपर्यंत तिथंच उभं केलं, मागच्या बाकांवरून हसू ऐकू आलं. त्या दिवसानंतर तिनं गणिताकडं बघणंच सोडलं. म्हणजे नववी-दहावीचं गणित तिला न जमलेलं नव्हतं, तिनं ते कधी नीट केलेलंच नव्हतं. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट मी तिला तिच्याच विषयातून सांगितली. आकडेमोड करताना मधली उत्तरं आपण कार्यकारी स्मृतीत धरून ठेवतो आणि तिथली जागा मोजकी असते. 'मला येणार नाही, सगळ्यांसमोर फजिती होईल' हा विचारही तीच जागा खातो. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली प्रयोगांतून हेच दाखवलं: गणिताची भीती जास्त असलेल्या विद्यार्थ्यांची कार्यकारी स्मृती आकड्यांची कामं करताना तोकडी पडते. भीतीत उत्तर येत नाही, याचा अर्थ उत्तर येतच नाही असा होत नाही. हे ऐकून ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

मग आम्ही सूत्र बाजूला ठेवलं आणि कागदावर दोन गट लिहिले. पहिल्यातल्या पाच मुलींचे चिंता-चाचणीचे गुण ४८, ४९, ५०, ५१, ५२. दुसऱ्यातल्या पाच जणींचे ३०, ४०, ५०, ६०, ७०. दोन्हींचं मध्यमान, म्हणजे सरासरी, ५०. मी विचारलं, "दोन्ही गटांत एकच समुपदेशन कार्यक्रम घेशील का?" ती लगेच म्हणाली, "नाही मॅडम, दुसऱ्या गटातली ती सत्तरवाली जास्त त्रासात आहे, तिला वेगळं बघावं लागंल." सूत्राशिवाय तिनं विचलनाचा मुद्दा पकडला होता.

आता ते मोजायचं कसं? प्रत्येकीचा गुण मध्यमानापासून किती लांब, ते तिनं काढलं: उणे २०, उणे १०, शून्य, १०, २०. बेरीज केली आणि थबकली. "ही तर शून्य आली. पहिल्या गटाचीही शून्यच येते. मग उपयोग काय याचा?" हा प्रश्न वर्गात किती जणांना पडतो आणि किती जण तो गिळून टाकतात! वर्ग करतात ते नेमकं याच अडचणीमुळं. वर्ग केला की उणे चिन्ह जातं. ४००, १००, ०, १००, ४००, बेरीज १०००, पाचानं भागून २००, त्याचं वर्गमूळ १४.१४, हेच प्रमाण विचलन. पहिल्या गटाचं असंच केलं तर १.४१. मध्यमान एकच, पण पसारा दहापट. सिग्मा म्हणजे 'या सगळ्यांची बेरीज कर' एवढीच सूचना, हे सांगायची मला वेळच आली नाही, कारण ती आधीच बेरीज करून बसली होती.

काही पुस्तकांत पाचाऐवजी चारानं भागतात, त्यानंही मुलं गोंधळतात. आपल्याकडं पूर्ण समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे, नसून त्यांच्यातल्या काहींचा नुसता नमुना असेल तर एकानं कमी संख्येनं भागायचं. नमुन्याचं मध्यमान त्याच आकड्यांतून काढलेलं असतं, म्हणून चार विचलनं कळली की पाचवं आपोआप ठरतं, ते मोकळं राहत नाही. पुस्तकातली 'स्वातंत्र्य मात्रा' ती हीच.

इथपर्यंत भीती बरीच उतरली होती. पण अभ्यासाला जीव फुटला तो घरच्या एका प्रसंगानं. प्रात्यक्षिकाच्या सरावासाठी तिनं बहिणीच्या मुलाची बुद्धिमापन चाचणी घेतली होती. गुणांक आला ८४. तिनं तो घरात बोलून दाखवला. बहीण खूश, शंभरात चौऱ्याऐंशी मिळाले म्हणून. पण दाजींना ओळखीतल्या कुणी सांगितलं की शंभर म्हणजे सरासरी, पोरगं खाली आहे. "दाजी म्हणायलेत, पोराला सेमीतून काढतो. काय करू मी?" ती रडकुंडीला आली होती.

सरावाच्या चाचणीचा निकाल घरच्यांना सांगायचा नसतो, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती चाचणीही घरात, माणसांच्या येण्याजाण्यात झालेली, म्हणजे प्रमाणित पद्धत पाळलेली नव्हती. तरी म्हटलं, क्षणभर समजू की सगळं नियमानं झालं. आता हा आकडा वाच. मध्यमान १००, प्रमाण विचलन १५. ८४ म्हणजे मध्यमानाच्या साधारण एक विचलन खाली, शंभर मुलांत सुमारे चौदा मुलं त्याच्याही खाली. चाचणीच्या पुस्तिकेत विश्वसनीयता गुणांक, म्हणजे चाचणीचे गुण किती भरवशाचे ते सांगणारा आकडा, ०.९१ दिलेला होता. एकातून वजा केला, ०.०९ उरले, वर्गमूळ ०.३, त्याला पंधरानं गुणलं, ४.५. ही मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे चाचणीचा आकडा साधारण किती हलू शकतो त्याचं माप. ९५ टक्के खात्रीसाठी तिला १.९६ नं गुणलं, ८.८२ म्हणजे जवळपास ९. हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं केलं. म्हणजे त्या पोराचा पट्टा ७५ ते ९३. एका टोकाला चिंतेचं कारण वाटावं, दुसऱ्या टोकाला सर्वसाधारण मूल. त्या एका आकड्यावर दाजी शाळा बदलायला निघाले होते.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं संख्याशास्त्र शिकायलाच हवं असं मी आग्रहानं म्हणते ते यासाठी. पुढं तुमच्यासमोर कुणाचं तरी लेकरू बसणार आहे. चाचणीचा आकडा किती हलू शकतो हे ज्याला माहीत नाही, तो त्या लेकरावर शिक्का मारून मोकळा होतो.

पुढच्या सुट्टीत ती घरी गेली आणि दाजींशी बोलली. त्यांना वर्गमूळ कशाला सांगायचं? तिनं विचारलं, "आडतीवर पोत्यातून मूठभर सोयाबीन काढून ओलावा बघतात, तेव्हा दुसऱ्या मुठीला आकडा तोच येतो का?" दाजी म्हणाले, थोडा खालीवर होतोच. "मग माझी चाचणी ही एकच मूठ होती, आणि ती पण मी शिकाऊ हातानं काढलेली." दाजींनी खरा आकडा किती असं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की एकच असा आकडा नसतो. शाळेतून तक्रार आली तर पात्र मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर तपासणी करून घेऊ, तोवर हा आकडा कुठं सांगू नका. पोरगं सेमीतच आहे.

आमच्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे, म्हणून आणखी एक गोष्ट मी या मुलांना आवर्जून सांगते. ज्या टी-चाचणीला, म्हणजे दोन मध्यमानांतला फरक योगायोगाचा आहे का ते बघणाऱ्या पद्धतीला, तुम्ही घाबरता ती विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं मांडली. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करायचे आणि मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. अनेक गटांच्या मध्यमानांची एकत्र तुलना करणारं प्रसरण विश्लेषण रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात पिकांच्या प्रयोगांतून घडवलं. तिथं ते १९१९ साली रुजू झाले होते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांनी या विषयात स्वतःला परकं समजू नये.

अभ्यासाबद्दल थोडं. सूत्र पाठ करण्याआधी प्रत्येक मापाचा प्रश्न आपल्या शब्दांत लिहा: मध्यमान काय विचारतं, सहसंबंध काय विचारतो, टी-चाचणी काय विचारते. मग पाच-सहा लहान आकडे घेऊन हातानं सोडवा, संगणक नंतर. सुरुवातीच्या अभ्यासक्रमात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ यांपलीकडं फारसं काही लागत नाही. परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर चालतो का, हे विभागात आधीच विचारून ठेवा. धडधड फार होत असेल तर पेपरआधी दहा मिनिटं, मनात येणारी सगळी भीती कोऱ्या कागदावर उतरवा. जेरार्डो रामिरेझ आणि शॉन बायलॉक यांच्या २०११ सालच्या अभ्यासात असं लिहून मग परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली होती. झोप महिनाभरापेक्षा जास्त बिघडली, जेवण तुटलं, तर मात्र पेपर होईपर्यंत थांबू नका, समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा.

ती त्या पेपरात पास झाली, आता झोपही लागते. शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'प्रत्यक्षात फरक नाहीच' या गृहीतकाचा, घोळ मात्र अजून पुरता सुटलेला नाही. पी-मूल्य ०.०३ आलं की 'शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता तीन टक्के' असं ती अजून कधीकधी लिहिते. खरं तर शून्य परिकल्पना खरी धरली तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची ती शक्यता असते. त्यावर आमचं काम चालू आहे, आणि आता न समजलेलं ती वर्गातही हात वर करून विचारते.