कलिंगडाचा दिवस करायचाय ना? मग आधी आंब्याच्या पेट्या त्या खोलीतून बाहेर काढा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसले. सोसायटीतल्या मुलांसाठी मे महिन्यात कलिंगडाचा एक दिवस करायचाय, मजेचे काय काय प्रकार करता येतील, असं तुम्ही विचारलंय. मजेचं सांगतेच. पण माझं लक्ष अडकलं ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर. पंधरा कलिंगडं स्वस्तात मिळाली म्हणून आठ दिवस आधीच घेतलीत आणि ऑफिसमागच्या ज्या खोलीत सगळ्यांच्या हापूसच्या पेट्या उतरल्यात तिथेच ठेवलीत, ऊन नको म्हणून खिडक्या बंद करून.

ताई, ती आजच्या आज हलवा. उद्यावर टाकू नका.

आम्ही रायगड जिल्ह्यात राहतो. २०१७ साली मी मुलांचं उन्हाळी शिबिर घेत होते आणि शेवटच्या दिवशी असाच बेत होता. मुलं, त्यांचे आईवडील, आजीआजोबा धरून दीडशेच्या आसपास माणसं. हायवेच्या कडेला मांडव घालून बसणाऱ्या एका शेतकऱ्याकडून मी अठरा कलिंगडं घेतली. भात कापल्यावर त्याच जमिनीत त्यांनी स्वतः लावलेली होती. टेम्पो त्याच दिवशी मोकळा होता, म्हणून सहा दिवस आधी आणली आणि हॉलच्या मागच्या खोलीत ठेवली. त्याच खोलीत पालकांनी मागवलेल्या आंब्याच्या तीसेक पेट्या पेंढ्यात पिकत होत्या. दार उघडलं की काय सुंदर वास यायचा! दोन्ही उन्हाळ्याचीच फळं, दोन्ही सावलीत, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी पहिलं कलिंगड कापलं. वरून हिरवंगार, कुठे डाग नाही. आत रंगही लाल. पण बोट लावलं तर गरात रुतलं. सालीलगतचा भाग पाण्यात भिजत पडल्यासारखा दिसत होता. तोंडात घातलं तर करकरीतपणा नाहीच, नुसतं पिठूळ. दुसरं कापलं, तेही तसंच. अठरातली चौदा अशी निघाली. मुलांनी एकेक घास खाऊन फोडी ताटलीत परत ठेवल्या. साच्याने चांदण्या कापायला मुली बसल्या होत्या, त्यांच्या हातात लगदा येत होता. एक लहान मुलगा मला विचारत होता, "काकू, हे शिळं आहे का?" तो प्रश्न मला अजून आठवतो.

आता खरं नुकसान सांगते. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक कलिंगड पिशवीत घालून मी एका कार्यालयात गेले. कुठलं ते लिहीत नाही. फळाबद्दल शंका असेल तर विचारायला जावं असं ते ठिकाण आहे, एवढंच. पहिल्या दिवशी संबंधित माणूस जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशी पावती मागितली. हायवेवरच्या मांडवात कोण पावती देतं? तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी पिशवीत डोकावूनही न बघता सांगितलं, "इंजेक्शन मारलेलं असणार, हल्ली सर्रास चालतं." कुठे ठेवली होती, किती दिवस, शेजारी काय होतं, एक प्रश्न नाही. तीन दिवसांचे हेलपाटे आणि हाती एक फेकलेलं वाक्य.

आणि मी ते वाक्य खरं मानलं. तडक मांडवावर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला नको नको ते बोलले. त्यांनी शांतपणे त्याच तोडणीतलं एक उरलेलं कलिंगड माझ्यासमोर कापलं. कडक, लालभडक, सुरी लावताच तडकलं. "ताई, हे बघा, त्याच दिवशीचं आहे." पुरावा डोळ्यांसमोर होता, तरी मी म्हणाले की हे मुद्दाम चांगलं ठेवलेलं दिसतंय. त्यांनी पैसे परत देऊ केले आणि मी ते घेतले. ते पैसे घेतले याचं मला आजही वाईट वाटतं.

वर्षभराने नात्यातला एक मुलगा घरी आला, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. बोलता बोलता हा विषय निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काकू, आंबे कुठे होते?"

झालं होतं ते असं. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो. केळी, पपई, चिकूही सोडतात. अढीत एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात, ते या वायूमुळेच. कलिंगडाचं तसं नाही. ते वेलीवर जेवढं पिकलं तेवढंच, तोडल्यावर आणखी गोड होत नाही. पण बाहेरून इथिलीन मिळालं तर त्याचा गर आतून सैल पडतो, पाणी सुटल्यासारखा होतो, सालही मऊ पडते. बंद खोली, तीस पेट्या आणि सहा दिवस. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नव्हता. काकडी, दुधी, भोपळा ही याचीच भावंडं. काकड्या केळ्यांच्या फणीशेजारी ठेवल्या की लवकर पिवळ्या पडतात, तेही याच कारणाने.

मग मी त्यांना शोधायला गेले. रस्त्याच्या कामात मांडवाची जागा बदलली होती, पुढच्या हंगामात सापडले. माफी मागितली, पैसे परत दिले. ते घेत नव्हते, शेवटी मुलांच्या खाऊसाठी म्हणून घेतले. म्हणाले, "आमच्याकडे अढी माळ्यावर आणि कलिंगडं ओटीवर. आई एकत्र ठेवूच द्यायची नाही." म्हणजे उत्तर त्यांच्या घरात होतं. मी भांडायला गेले, विचारायला नाही.

तुमच्या कलिंगडांना अजून तीनच दिवस झालेत, म्हणजे बरीचशी वाचतील. हवेशीर, सावलीच्या जागी, एकावर एक न रचता, खाली गोणपाट घालून ठेवा. आंबे, केळी जवळ नकोत. एक आजच कापून बघा. मऊ पडायला लागलेलं असेल तर त्या लॉटमधली रस आणि बर्फासाठी बाजूला काढा, करकरीत असतील ती फोडींसाठी. आख्खी कलिंगडं दिवसेंदिवस फ्रिजमध्ये ठेवू नका, फार थंडीतही त्यांचा रंग आणि चव उतरते. आदल्या रात्री थंड करायला ठेवली की पुरे. आणि पुढच्या वेळी दोन दिवस आधीच घ्या. स्वस्त मिळाली म्हणून लवकर घेण्यात फायदा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता मजेचं. पाण्याने भरलेला मोठा ड्रम मधोमध ठेवा आणि मुलांना विचारा, एवढं पाच किलोचं धूड बुडेल की तरंगेल? जवळपास सगळी मुलं बुडेल म्हणतात. सोडलं की ते डुलत वर राहतं, तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात. माझ्या आजोळी फ्रिज नव्हता. आजोबा कलिंगड जाळीत घालून विहिरीत सोडायचे, पण ते वर तरंगायचं म्हणून जाळीला दगड बांधावा लागे. दुपारी दोराने ओढून काढलेल्या त्या कलिंगडाचा गारवा फ्रिजला नाही.

जपानमध्ये उन्हाळ्यात सुइकावारी खेळतात. डोळे बांधायचे, गोल फिरवायचं, हातात काठी द्यायची आणि बाकीच्यांनी "डावीकडे, पुढे, अजून पुढे" ओरडायचं. काठीने कलिंगड फोडायचं आणि फुटलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. आपल्या आंधळी कोशिंबीरवर वाढलेल्या मुलांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. खाली धुतलेलं प्लास्टिक आणि त्यावर केळीची पानं अंथरा, म्हणजे तुकडे वाया जात नाहीत. काठी फिरताना मुलं चार हात लांब उभी राहतील हे मात्र एका मोठ्या माणसाने बघायचं, दुसरं काही काम त्याला द्यायचं नाही.

बिया थुंकण्याची स्पर्धा तर हवीच. अमेरिकेत टेक्सासमधल्या लुलिंग गावी दर जूनमध्ये कलिंगडाची जत्रा भरते आणि तिथे ही स्पर्धा रीतसर होते, अंतर मोजून. काही आया नाक मुरडतील. अंगणात, उघड्यावर करा, टेप लावून मोजा, मग आजोबा लोकही रांगेत उभे राहतात. वजनाचा अंदाज बांधायचा खेळही चांगला, त्याला फक्त एक तराजू लागतो.

खाण्यात माझा पहिला नंबर साध्या फोडींचा. भाजलेलं जिरं, सैंधव, थोडं लाल तिखट, आमचूर एकत्र कुटून वाटीत ठेवायचं आणि ज्याने त्याने घास घेताना लावायचं. आधीच सगळ्या फोडींवर मीठ पेरून ठेवलंत तर अर्ध्या तासात ताटात पाणीच पाणी. हे कितीही वेळा सांगितलं तरी कोणीतरी उत्साहाने पेरतंच, म्हणून मी डबा माझ्या हाताखाली ठेवते.

मऊ पडलेल्यांचा बर्फ करा. बिया काढून गर मिक्सरमध्ये अगदी थांबवत थांबवत फिरवा. बिया चिरडल्या की रसाला तुरट चव येते. साखर घालू नका, थोडं लिंबू आणि पुदिना पुरे. कुल्फीच्या साच्यात ओतून गोठवा, किंवा नुसत्या गराचे चौकोनी तुकडे गोठवून ते बर्फाऐवजी लिंबूसरबतात टाका. दिल्लीत जामा मशिदीच्या परिसरात दूध, गुलाबाचं सरबत आणि कलिंगडाचे तुकडे घालून एक पेय विकतात, ते हल्ली आपल्याकडेही करतात. चवीला छान आहे, पण दीडशे माणसांसाठी दूध उन्हात ठेवून हा प्रकार करू नये असं मला वाटतं. घरी, करून लगेच प्यायला ठीक.

साली फेकू नका. हिरवी साल सोलून आतला पांढरा भाग किसा. त्यात तांदळाचं पीठ, मिरची, कोथिंबीर घालून घावन होतात, भाजणी घातली तर थालीपीठ. हरभऱ्याची डाळ घालून दुधीसारखी भाजीही होते. गोव्यात आणि खाली कारवार-मंगळूरकडे कोंकणी घरांत तांदूळ भिजवून, सालीबरोबर वाटून पोळे करतात. शिबिराच्या दुसऱ्या वर्षी आम्ही तिथेच गॅस मांडून घावन घातले, तर फोडींपेक्षा त्याला जास्त गर्दी झाली. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर दोन-तीन कलिंगडांचा गर चमच्याने कोरून काढून सालींना भोकं पाडा आणि आत पणती ठेवा. हिरवट-लाल उजेडाचा कंदील होतो. कोरायचं काम मोठ्या मुलांना, सुरी मोठ्यांकडे.

नवीन घ्यावी लागली तर जमिनीवर टेकलेला डाग बघा, पांढरा असेल तर कच्चं, लोण्यासारखा पिवळा असेल तर तयार. देठाशेजारचा कुरळा तणावा वाळलेला हवा. बोटाने वाजवून बदबद आवाज आला तर घ्या, टणटण आला तर नको. आणि आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. आमच्या शिबिरात नागपूरचं एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलीने "टरबूज" म्हटलं आणि मुलांची अर्धा तास चर्चा रंगली की ही दोन वेगळी फळं आहेत का! एकच आहे.

मी डॉक्टर नाही आणि शेतीतलीही नाही, हे माझे अनुभव. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी किती खावं ते आपापल्या डॉक्टरांनाच विचारावं. पण एका बाबतीत मी ऐकणार नाही. कापण्याआधी प्रत्येक कलिंगड वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. कापलेल्या फोडी बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, मे महिन्यात तर त्याहून कमीच. कलिंगडात आंबटपणा फारसा नसतो, म्हणून ते कापल्यावर लवकर बिघडतं. सगळी एकदम कापू नका, तीन-तीन कापत जा. माझ्या अंदाजाने पाच किलोच्या एका कलिंगडात बारा-तेरा मुलं पोटभर खातात.

आणि त्या बिया थुंकायच्या स्पर्धेसाठी निदान दोन कलिंगडं मोठ्या काळ्या बियांची आहेत ना, ते आजचं कापाल तेव्हा बघून ठेवा. हल्ली बिनबियांचीही येतात. खोली रिकामी झाली की इथे कळवा, आणि कापलेलं कसं निघालं तेही लिहा.