गाडी दुसऱ्या फलाटावर, मध्ये जिना : आईसाठी अर्ज मराठीतच द्या

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. पक्षाघातानंतर आईच्या डाव्या अंगात जोर नाही. उपचारासाठी तिला दर महिन्याला मिरजेला न्यावं लागतं. गाडी दुसऱ्या फलाटावर लागते. तिथं जायला फक्त जिना आहे, व्हीलचेअर मिळत नाही. स्टेशनवर म्हणतात, "अपंगाचं सर्टिफिकेट आणा, अर्ज कन्नड नाहीतर इंग्रजीत द्या." लोक रुळावरून न्यायला सांगतात. काय करावं?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. आईंना रुळावरून नेऊ नका. लंगडत्या पायानं खडीत अडकलेल्या माणसाला समोरून गाडी आली तर मागं फिरता येत नाही. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा ठरतो.

सर्टिफिकेटची अडवणूक चुकीची आहे. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला तिकिटातली सवलत, आरक्षण अशा लाभांसाठी लागतो. फलाटावर पोचण्यासाठी नाही. दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येतच रेल्वे स्टेशन आणि फलाट हे शब्द आहेत. जुन्या इमारती सुगम करायला कलम ४५ नं नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. दाखला मात्र काढून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता भाषेचं. आपल्या भागात या एका वाक्यावर कितीतरी माणसं खिडकीवरून परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. तेव्हा मराठीत लिहा, वर कलमाचा उल्लेख करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच घ्या. पोच नाकारली तर हुबळीच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना स्पीड पोस्टानं पाठवा. माहिती अधिकाराचा अर्ज तेवढा कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो. त्यात रॅम्प मंजूर आहे का, व्हीलचेअर किती आणि कुणाच्या ताब्यात आहेत, एवढंच विचारा.

अर्जात प्रवासाची तारीख, गाडी, तिकिटाचा क्रमांक आणि जिन्याचे फोटो हवेत. मागणी नेमकी करा : रॅम्प किंवा लिफ्ट, आणि ती होईपर्यंत व्हीलचेअर, मदतनीस व शक्य तिथं गाडी पहिल्या फलाटावर. १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

दाद लागली नाही तर दिल्लीतल्या दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे जा. रेल्वे केंद्राची, त्यामुळे बेंगळूरच्या राज्य आयुक्तांकडे वेळ घालवू नका. मुख्य आयुक्तांनी शिफारस केली की काय केलं ते रेल्वेला तीन महिन्यांत कळवावं लागतं. तिकीट काढलंय, म्हणजे आई ग्राहकही आहेत; बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, आईंच्या नावानं करा.