मेनफ्रेमवरून एफटीपी (फाइल पाठवण्याचा) जॉब कधी नीट चालतो, कधी कनेक्शन तुटून पडतो. नेटवर्क टीम म्हणते ‘आमच्याकडे सगळं क्लीन आहे’. नेमकं काय तपासू?

‘आमच्याकडे सगळं क्लीन आहे’ हे वाचलं आणि राहवलं नाही. झेड/ओएसवर (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) बॅच जॉब सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं.

आमचा रात्रीचा जॉब महिनाभर सुरळीत चालायचा आणि महिनाअखेरीला आपटायचा. स्पूलमध्ये (जॉबच्या आउटपुटमध्ये) दर दहा सेकंदांच्या ओळींत बाइट्स वाढत पार शेवटपर्यंत गेलेले. मग सर्व्हरचं २५० (‘ट्रान्सफर पूर्ण’) यायला हवं तिथे ईझेडए२५८९ई: कनेक्शन तुटलं किंवा टाइमआउट, उत्तराची वाट पाहत होतो. समोरच्या मशीनवर फाइल मात्र पूर्ण! मीटिंगमध्ये नेटवर्कवाल्याने पोर्ट २१ ला (एफटीपीचा कंट्रोल पोर्ट) टेलनेट मारून दाखवलं, “बघा, लागतंय की.” मॅनेजर म्हणाले, रिट्राय लावा. मी म्हटलं, फाइल पोचलेली आहे, रिट्राय तीच पुन्हा पाठवेल आणि पुढचा प्रोसेस ती दोनदा खाईल. लावलाच रिट्राय. खाल्लीच दोनदा.

मग मी जुन्या रन्सची वेळ काढून टेबलावर ठेवली. तासाच्या आत संपलेले सगळे पास, तासाच्या वर गेलेले सगळे फेल. ‘कधीकधी’ वगैरे काही नव्हतंच.

एफटीपीत दोन कनेक्शन्स असतात: आदेश आणि उत्तरांचं कंट्रोल, फाइलचं डेटा. डेटा वाहत असताना कंट्रोल कनेक्शन गप्प बसलेलं असतं. एक तासाचा आयडल टाइमआउट असलेला फायरवॉल ते मेलं समजून आपल्या टेबलमधून काढतो, बहुतेकदा दोन्ही टोकांना न कळवता. झेड/ओएसचा टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का बघणारं पॅकेट) डिफॉल्टने १२० मिनिटांचा, म्हणजे तो जागा होईपर्यंत खेळ खलास. एफटीपी.डेटामध्ये (एफटीपीच्या सेटिंग फाइलमध्ये) कंट्रोल कनेक्शनसाठीचं एफटीपीकीपअलाइव्ह ६०० सेकंद टाकलं आणि जॉब पडायचा थांबला. आणि हो, फायरवॉलच्या लॉगमध्ये ‘काही नाही’ कसं? ते फक्त ‘डिनाय’ (नाकारलेली कनेक्शन्स) शोधत होते. आयडल टाइमआउटने बंद केलेलं कनेक्शन डिनाय म्हणून दिसत नाही. “कनेक्शन टियरडाउन (बंद झाल्याच्या नोंदी) दाखवा” असं विचारा, लेखी विचारा, वेळ आणि दोन्ही आयपी देऊन.

रिट्राय हा उपाय नाही. निदान नसलेल्या जॉबला रिट्राय लावणाऱ्याने आधी समोरच्या बाजूला डुप्लिकेट तपासणी आहे का ते सांगावं.

आता तुमचं दुखणं वेगळंही असू शकतं, कारण जॉब कुठल्या टप्प्यावर पडतो ते तुम्ही लिहिलेलंच नाही. लॉगिन होऊन पुटवर (फाइल पाठवण्याच्या आदेशावर) ४२५ एरर येत असेल तर डेटा कनेक्शनच उघडत नाहीये. टीएलएस (एन्क्रिप्शन) असेल तर फायरवॉलला पासिव्ह पोर्ट (सर्व्हरने डेटासाठी सांगितलेला) वाचता येत नाही. मेनफ्रेम सर्व्हर असेल तर पासिव्हडेटापोर्ट्सने रेंज ठरवा आणि तेवढीच उघडून घ्या. ईडीसी८१२८आय म्हणजे ‘रिफ्यूज्ड’, तिथे कोणीतरी उत्तर दिलंय. ईडीसी८१२७आय म्हणजे टाइमआउट, तिथे शांतता आहे. दोन्हींना एकाच तिकिटात कोंबू नका. बाहेरून गेट करताना (फाइल मागवताना) डेटासेट एचएसएमने (न वापरलेला डेटा बाजूला हलवणारा प्रोग्राम) मायग्रेट केलेला असेल तर रिकॉलला, म्हणजे तो परत आणायला, वेळ लागतो आणि क्लायंट कंटाळून निघून जातो. तिथे नेटवर्कवाले खरंच निर्दोष असतात. (लिहिताना जिवावर आलं.) एसएफटीपी (एसएसएचवरून फाइल पाठवणं) असेल तर कनेक्शन एकच, त्यामुळे वरची गोष्ट तशीच्या तशी लागू नाही.

आणि जॉबमधल्या एफटीपीच्या पॅरममध्ये एग्झिट (चूक झाली की थांबून एरर कोड द्यायला सांगणारा पर्याय) दिलंय का बघा. नसेल तर ट्रान्सफर पडूनही स्टेप शून्य रिटर्न कोड देते, आणि मग ‘जॉब चालला होता’ म्हणणाऱ्या रात्रींपैकी किती खरंच चालल्या ते स्पूल वाचल्याशिवाय कळणार नाही.