सहकलाकाराशी नाव जोडलं जातंय, भूमिका सोडू का?

तुम्ही लिहिलंय की नाटक गाजलं तसं नाशिकभर सहकलाकाराशी तुमचं नाव जोडलं जाऊ लागलं आणि घरचे म्हणतात, भूमिका सोड. सोडू नका. सोडलीत की अफवेला पुरावाच मिळेल.

खरं बिघडतं ते रंगमंचावर. कुजबुज कानावर आली की नटी नकळत अर्धं पाऊल मागे सरकते, खांद्यावरचा हात वाक्य संपायच्या आत निघतो, नजर डोळ्यांऐवजी कपाळावर जाते. प्रेक्षकांना ते लगेच कळतं. म्हणून प्रेमप्रसंगाच्या हालचाली दिग्दर्शकाकडून वाक्यागणिक बांधून घ्या: कोणत्या शब्दावर हात ठेवायचा, कोणत्या शब्दावर काढायचा. पुढे त्यात बोटभरही फरक नको. भलत्या जागी शिट्टी आलीच, तर ती पूर्ण विरेपर्यंत थांबू नका, थांबलात तर आणखी दोन येतात. तिच्यावर आवाज चढवूनही बोलू नका, शब्द बुडतात. जोर उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्या, नजर सहकलाकारावरच ठेवून.

पडदा पडल्यावर रंगपटात बाहेरचं कोणी नको. नाट्यगृह कालिदास असो की सायखेडकर, भेटणाऱ्यांना रंगमंचावरच बोलवा, दिवे चालू, अख्खा संच हजर, दहा-पंधरा मिनिटं. फोटो काढायचे तर फ्लॅशशिवाय, नाहीतर रंगवलेला चेहरा पांढराफटक आणि मान काळी दिसते. मग साडी-दागिने कपडेपटात द्या, खोबरेल तेलाने रंग उतरवा आणि संचाच्या गाडीनेच घरी जा. स्टेटसवर खुलासे नकोत, विचारलंच तर निर्माता एकदाच बोलेल.

आणि 'चर्चा झाली की बुकिंग वाढतं' म्हणणाऱ्या निर्मात्यांचा मला मनस्वी राग आहे. त्या उत्सुकतेने आलेला माणूस नाटक ऐकतच नाही, आणि किंमत बाईच मोजते. बाईच का, ज्या बालगंधर्वांच्या साडी-दागिन्यांची नक्कल घरोघर व्हायची, त्यांनाही गायिका-नटी गोहरबाईंवरून लोकांनी सोडलं नाही. म्हणून त्यांचं गाणं कमी झालं का?

हे सगळं नुसत्या कुजबुजीपुरतं. कोणी पाठलाग करत असेल तर ११२ लावा. फोटो बिघडवून फिरवत असेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि लिंक जपून सायबर पोलिसांकडे जा, मूळ मेसेज मात्र डिलीट करू नका.