बॅटरी बदलली, मिस्त्रीने स्कॅनर लावून चेक इंजिनचा दिवाही घालवला. आता लगेच पीयूसीला जाऊ का?

गेलात तर पीयूसी मिळेलही. आपल्याकडे सायलेन्सरमध्ये नळी घालून पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र थेट ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटला) वायर जोडतात आणि मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, अपुरे दिसले की गाडी परत पाठवतात.

तरी घाई नको. दोषाचा कोड पुसला किंवा बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या संगणकाची, पाटी कोरी होते. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून. दिवा गेला म्हणजे दोष गेला असं नाही, हे कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला कुठलाही जाणता मिस्त्री सांगेल.

या तपासण्या पूर्ण व्हाव्यात म्हणून गाडी रात्रभर थंड होऊ द्या, टाकी साधारण अर्धी ठेवा. सकाळी चालू करून दोन-तीन मिनिटं जागेवरच ठेवा, मग गावातून हळूहळू तावडे हॉटेलपाशी हायवेला लागा. कागलच्या दिशेने टॉप गिअरमध्ये ऐंशीच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं एकसारखी चालवा. उगाच रेस मारू नका. मागे कोणी नाही बघून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. क्लच-ब्रेक न दाबता वेग आपोआप उतरू द्या. असं दोन-तीनदा.

मग स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर 'रेडिनेस', म्हणजे कुठल्या तपासण्या पूर्ण झाल्या ते, बघा. कॅटॅलिस्ट बहुधा सगळ्यात शेवटी पूर्ण होतो. दिवा परत लागला तर कोड वाचून दुरुस्ती करून घ्या, नुसता पुसू नका. आणि पीयूसीला जाताना इंजिन चांगलं तापलेलं असू द्या.