युद्धाच्या काळात लष्करी अधिकाऱ्याला घरच्या आजारपणासाठी रजा मिळते का? बढती डावलली गेलेल्या अधिकाऱ्याने अशा वेळी घर निवडावं की ड्यूटी?

रजा मिळते. मागावी लागते, आणि तिथेच घोडं अडतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र वर्मी लागला. आमचे दाजी दर दिवाळीला मला हेच ऐकवतात. "ज्या फौजेने तुला मेजरवर कुजवलं तिच्यासाठी बापाला अग्नी द्यायला आला नाहीस." फराळाचं ताट पुढे असताना, सगळ्यांसमोर. मी आजवर उत्तर दिलेलं नाही. आज इथे देतो.

साल 1999, कारगिलचं युद्ध. मी तोफखान्यात मेजर, बॅटरी कमांडर, म्हणजे तोफांच्या एका तुकडीचा प्रमुख. सहा बोफोर्स तोफा द्रासजवळ हायवेच्या कडेला लावलेल्या. नोकरी सतरा वर्षं झालेली आणि आदल्या वर्षी लेफ्टनंट कर्नलच्या बोर्डात, म्हणजे बढतीच्या निवड मंडळात, राहिलेलो, निवड झाली नाही. तेव्हा ते पद निवडीने मिळायचं. एका साहेबांशी फायरिंग रेंजवर माझं वाजलं होतं, त्यांनी त्या वर्षीच्या एसीआरमध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात, मला 'चांगला' लिहिलं. बाहेरच्यांना कळणार नाही, पण एसीआरमध्ये नुसतं 'चांगला' म्हणजे शिवी आहे. माझ्यामागे एक वर्षाने कमिशन झालेला मुलगा बोर्डातून निघाला आणि आमच्याच रेजिमेंटला टू-आय-सी, म्हणजे दोन नंबरचा अधिकारी, होऊन आला. रोज सकाळी त्याला सॅल्यूट. माणूस चांगला होता, हे आणखीच वाईट.

तोलोलिंगचं शिखर 13 जूनला आपल्या हातात आलं. त्यानंतर दोनच दिवसांनी साताऱ्याहून तार आली, 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली'. पेरणीच्या दिवसांत जवानांच्या नावे अशा तारा ढिगाने यायच्या, आणि रजेसाठीची ही बतावणी असणार म्हणून आम्ही अधिकारी मेसमध्ये त्यावर हसायचो. मीही हसलेलो आहे. ती तार टू-आय-सी स्वतः घेऊन आला. मला बंकरच्या मागे नेलं आणि रँक मिळाल्यापासून पहिल्यांदाच मला 'सर' म्हणाला. "सर, दुपारी गाडी श्रीनगरला चाललीय. मी सीओंशी बोललोय, तुम्ही निघा." सीओ म्हणजे रेजिमेंटचे प्रमुख.

म्हणजे रजा मिळत होती. मी न मागता. दाजी, हे तुम्हाला माहीत नव्हतं.

मी का गेलो नाही, त्याची दोन कारणं आहेत. एक सांगण्यासारखं. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे गोळा फायरिंग टेबलातल्या हिशेबापेक्षा लांब जातो. बोफोर्सचा एक गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपासचा. वरच्या धारेवर माझा ओपी ऑफिसर, म्हणजे गोळा कुठे पडतो ते बघून सांगणारा, बसलेला, पंचवीस वर्षांचा कॅप्टन, आणि इन्फन्ट्रीची पोरं आमच्या गोळ्यांच्या आडोशाने चढणार. गोळे थांबायचे ते पोरं शत्रूच्या अगदी जवळ पोचल्यावर. तिथे शंभर मीटरची चूक म्हणजे आपलेच मेले. आम्ही दोन आठवडे गोळे टाकून, बघून, एकेका टार्गेटच्या दुरुस्त्या बसवल्या होत्या. त्या सगळ्या माझ्या एका वहीत. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, वर रॉकेलचा डाग, पेन्सिलीने लिहिलेले आकडे.

आता दुसरं कारण. वही दुसऱ्याला देता आली असती. माझ्या हाताखाली एक कॅप्टन होता, हुशार होता, एका दुपारात त्याने सगळं समजून घेतलं असतं. मी दिली नाही, कारण मी श्रीनगरच्या गाडीत बसलो असतो तर मागे कोणीतरी म्हणालं असतं, 'बोर्डात राहिला ना, आता कशाला थांबतोय.' कोणी म्हणालंही नसतं कदाचित. पण मला ते ऐकू येत होतं. शिवाय एखादं मेडल मिळालं तर वर फेरविचार होईल, हेही मनात नव्हतं असं नाही.

अण्णा 18 तारखेला गेले. निरोप वायरलेसवर आला, रात्री फायर प्लॅन, म्हणजे ठरवलेला तोफांचा मारा, चालू असताना. अग्नी धाकट्याने दिला. बायको तेव्हा फॅमिली क्वार्टर सोडून साताऱ्याला जाऊन राहिली होती. तिची पत्रं 56 एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर यायची, पण मागेपुढे, म्हणून ती वरच्या कोपऱ्यात नंबर टाकायची. सातवं आधी आलं. पाचवं आलं 22 तारखेला. त्यात होतं, 'आज अण्णांना बरं वाटतंय, वाटीभर पेज खाल्ली. टीव्हीवर तोफा दिसल्या की विचारतात, यातली त्याची कुठली.' ते मी दोनदा वाचलं आणि वहीत ठेवलं.

मेडल मिळालं नाही. बोर्डाचंही काही झालं नाही. पुढे कालमानाने लेफ्टनंट कर्नल झालो, म्हणजे नावापुढे कंसात टीएस, टाइम स्केल. डिसेंबर 2004 पासून तेरा वर्षांच्या नोकरीवर सगळ्यांनाच ते पद द्यायला लागले. आता गाळणी कर्नलच्या पायरीवर आहे, त्यामुळे तुम्ही विचारताय ते दुखणं जिथल्या तिथे आहे, फक्त एक रँक वर सरकलंय.

तर काय निवडावं? रजा देऊ केली तर जा. हे मी म्हणतोय, न गेलेला माणूस. 'माझ्याशिवाय बॅटरी चालणार नाही' असं वाटणारा अधिकारी एक तर नवखा असतो किंवा दुखावलेला. आणि डावललेला अधिकारी कमी लढतो हे साफ खोटं. उलट तो जास्तच करतो, गरज नसताना करतो, आणि धोका असतो तो तिथे. दाजी म्हणतात मी फौजेसाठी थांबलो. फौज मला जा म्हणत होती.

एक व्यवहाराचं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. खातं बायकोबरोबर जॉइंट करा आणि पॉवर ऑफ अटर्नी निघण्याआधी करून ठेवा. माझं खातं माझ्या एकट्याच्या नावावर होतं. हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायला तिला दाजींपुढे हात पसरावा लागला. त्या रात्री ती काय काय ऐकून घेऊन परत आली, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं अधिकाऱ्याचं झालं. जवानाला तेव्हा अशी गाडी तयार मिळायची नाही, त्याच्या तारेवर आधी आमच्यासारखे हसायचे. आता मोबाइल आले, नियमही बदलले असतील, तेव्हा माझं रजेचं ज्ञान जुनं समजा.

हे उत्तर दाजींना त्यांचा नातू वाचून दाखवेलच. दाजी, डिपॉझिटचे पैसे मी ऑगस्टमध्येच परत केले होते. ताईच्या हातात दिले होते, तिला विचारा.